डाव्या हाताची पेटी

लाडखेडच्या बाजारात धाडताना
मी त्यांना एवढंच सांगितलं होतं : येताना सांबार आणजा.
पाच रुपयांचा. जास्त नको.
चौघांनी आणलं त्यांना, ऑटोत आडवं घालून.
उजवं अंग भिजल्या पोत्यासारखं जड,
आणि जुडी मुठीत होती. डाव्या.

सेवाग्रामला एकवीस दिवस.
डॉक्टर म्हणाले, वाचा गेलीय, थोडीफार परत येईल.
आली ती एवढीच : सांबार.
तहान लागली, सांबार.
कूस बदलायची, सांबार.
पोरगी हैदराबादेहून आली, पायाशी बसून रडली,
तिच्या डोक्यावर हात ठेवून
कितीतरी मायेनं म्हणाले, सांबार.

मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबला.
हसत होते की रडत होते,
ते ज्यानं मला घडवलं त्यालाच माहीत.
वाटायचं, मीच पेरला हा शब्द त्यांच्या जिभेवर.
त्या सकाळी दुसरं काही सांगितलं असतं
तर दुसरं काही उगवलं असतं.

पळस झडले. ऊन भिंतीतून आत यायला लागलं.
पाळक वानखडे दर शुक्रवारी येत,
दुपट्ट्यानं मान पुसत बसत.
म्हणाले, बाई, तुरुंगातून पत्र लिहिणाऱ्यानं
आनंदाला आज्ञा म्हटलंय.
मी म्हटलं, आज्ञा म्हंजे?
दळण आण, पाणी भर, तशी?
ते गप्प झाले. मग म्हणाले,
हो, तशीच असंल बाप्पा.

राग आला मला. दळणाले गिरणी तरी असते.

त्या रात्री लाइन गेली.
अंगणात त्यांची बाज ओढली, सुपानं वारा घालत बसले,
आणि मनात आलं :
दळणाला तरी कोणत्या दिवशी मन होतं?
डबा उचलावा लागतो, बस.
पीठ गरम असतं, हे घरी बसून आठवत नाही.
तिथं हात घातल्यावर कळतं.

पेटी कपाटावर होती, चादरीखाली.
उंदरानं भाता कुरतडलेला.
ओबेदनं पंक्चरच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा दिला,
मी ठिगळ मारलं.
एकतीस वर्षं मी देवळात बायांच्या रांगेतून
त्यांची फक्त पाठ पाहिली होती.
आता समोर बसले. भाता माझ्याकडे.
त्यांचा डावा हात पट्ट्यांवर.
जन्मभर त्या हातानं नुसता वारा घातला होता,
सूर उजव्याची मिरास.
चाचपडला, अंधारात चप्पल शोधावी तसा.
एक सूर लागला. मी भाता सोडलाच नाही,
किती वेळ तो एकच सूर,
शेजारच्या सुभद्राबाई राठोड कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या,
म्हणाल्या, गाय व्याली का वं?

सांगतात, अशांना बोलता येत नाही पण गाता येतं.
त्यांना नाही आलं. नुसता आ आला.
हे मी लपवत नाही.

रविवारी टिनाखाली आम्ही चौदा जण.
पेटी वाजली, लंगडी, एका गीताची अर्धी चाल.
मग पाळकांनी लांबलचक प्रार्थना केली :
राठोडबाईंच्या सुनेच्या बाळंतपणासाठी,
विहिरीच्या मोटारीसाठी, यांच्या जिभेसाठी.
संपली, आणि आमेनच्या आधी
मोठ्यांदा, डोळे मिटून, नहेम्या म्हणाले,
सांबार.

ओबेदच्या पोरीला फिसकन हसू फुटलं.
कोणी तिला चापट मारणार, तेवढ्यात
एक बाईचा आवाज आला, सांबार,
आणि तो माझा होता.
मग टिन हललं म्हणा ना.
पाळकही. तेही पोट धरून.
त्यांनी डोळे उघडले, एकेकाकडे पाहिलं,
तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले.

घरी येऊन गादीची चादर बदलली,
त्यांना साफ केलं. पाठीला फोड आला होता.
रात्री मी रडलेही.

मंगळवारी बाजारात मीच गेले.
वर्षभर आमच्या भाजीत नव्हता तो.
पाच रुपयांची जुडी आता दहाला झाली.
घेतली.